अर्रोस्तिचीनी कोरडे का होतात, आणि अब्रुझोत ते कसे भाजतात

प्रश्न थोडक्यात असा: इटलीतल्या अब्रुझो प्रांतातले अर्रोस्तिचीनी, म्हणजे काडीला ओवून निखाऱ्यावर भाजलेले मटणाचे बारीक तुकडे, पुण्यात घरी करून पाहिले. मुद्दाम कोवळं मटण आणलं, लिंबू-लसूण-रोजमेरी लावून रात्रभर मुरवलं, गॅसच्या ग्रिलवर भाजलं. तुकडे कोरडे आणि चिवट झाले. कुठे बिनसलं? आणि पुढच्या उन्हाळ्यात इटलीला जाणार आहोत, तर खरे अर्रोस्तिचीनी कुठे खावेत?

अब्रुझोतल्या पेस्कारा शहराच्या आसपासच्या स्वयंपाकघरांत मी बरीच वर्षं काम केलं आहे आणि त्यातला मोठा काळ निखाऱ्यासमोर गेला आहे, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

तुमचा हात वाईट नाही. गाडी रुळावरून घसरली ती खाटकाच्या दुकानात. परदेशी पाककृतींत या पदार्थासाठी सर्रास कोकराचं मटण सांगतात. अब्रुझोत मात्र हा पदार्थ वय झालेल्या मेंढीचा, नाहीतर खच्ची केलेल्या मेंढ्याचा. कोकराचेही मिळतात, पर्यटकांना ते आवडतातही, पण तिथला माणूस दहा काड्या मागवतो तेव्हा त्याला मेंढीच अपेक्षित असते. का, ते समजलं की बाकीचं सगळं आपोआप समजतं: तुकडे इतके बारीक का, मसाला का नाही, शेगडी तशी अरुंद का.

अब्रुझोच्या डोंगरात मेंढी पाळली जायची ती लोकरीसाठी आणि दुधासाठी. मांस हा शेवटचा हिशेब. ग्रान सास्सो डोंगराच्या कुशीतलं कांपो इंपेरातोरे हे १,५०० ते १,९०० मीटर उंचीवरचं विस्तीर्ण गवताळ पठार. वर कोर्नो ग्रांदेचं २,९१२ मीटरचं शिखर. उन्हाळाभर कळप इथे चरायचे. थंडीच्या आधी मेंढपाळ त्यांना घेऊन दक्षिणेला पुल्याच्या सपाट मुलखात उतरायचे आणि मे महिन्यात परत वर यायचे. यासाठी ठरलेल्या गवती वाटा होत्या, त्यांना 'त्रात्तुरो' म्हणतात. सर्वांत मोठी वाट लाक्विलाहून फोज्जाला जाणारी, २४४ किलोमीटर लांब आणि तब्बल १११ मीटर रुंद. इतकी रुंद, कारण हजारोंचे कळप चालता चालता चरणार. १४४७ साली नेपल्सचा राजा आल्फोन्सो याने या स्थलांतरावर कर बसवून त्यासाठी वेगळं खातंच उभं केलं. ते १८०६ मध्ये बंद झालं. लोकरीत पैसा किती होता याची कल्पना यावी म्हणून एवढंच सांगतो की फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याने १५७९ मध्ये सांतो स्तेफानो दि सेस्सानियो हे इथलं डोंगरी गाव आपल्या ताब्यात घेतलं होतं. गावाच्या वेशीवर आजही त्यांचं दगडी चिन्ह दिसतं.

हे वाचताना आपल्याकडच्या धनगरांची आठवण येणं साहजिक आहे. पावसाळा संपल्यावर घाट उतरून कोकणात जायचं, शेतात मेंढ्या बसवायच्या, पाऊस जवळ आला की पुन्हा देशावर चढायचं. ऋतूप्रमाणे कळप हलवण्याची ही रीत युनेस्कोने २०१९ मध्ये इटली, ग्रीस आणि ऑस्ट्रिया यांच्या नावावर अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवली. माडग्याळच्या किंवा दख्खनी मेंढ्यांमागे चालणाऱ्या आपल्या माणसांचा वारसा त्याहून तसूभर कमी नाही, असं मला मनापासून वाटतं.

तर, ज्या मेंढीचं दूध आटलं, जी आता विणार नाही, जिला एवढी लांब वाट चालवणार नाही, ती मेंढपाळाच्या ताटात यायची. म्हाताऱ्या जनावराचं मांस कडक. वयाबरोबर स्नायूंना बांधणाऱ्या तंतूंची वीण घट्ट होत जाते आणि थोड्या वेळच्या आचेने ती सुटत नाही. अशा मांसाला दोनच उपाय. एक, तासन्‌तास शिजवायचं. अब्रुझोत 'पेकोरा आल्ला काल्लारा' नावाचा पदार्थ आहे, तांब्याच्या मोठ्या हंड्यात झाडपाला घालून मेंढी मंद शिजवतात, वरचा फेस आणि चरबी काढत राहतात. दुसरा उपाय म्हणजे मांस इतकं बारीक कापायचं की चिवटपणाला वावच उरू नये. अर्रोस्तिचीनी हा दुसरा उपाय. प्रत्येक तुकडा साधारण एक सेंटिमीटरचा. पेस्कारा जिल्ह्यात, ग्रान सास्सोच्या पूर्व उतारावर, चिवितेल्ला काझानोवा, विल्ला चेलिएरा, कार्पिनेतो देल्ला नोरा ही गावं याचं माहेर मानली जातात. वोल्तिन्यो पठारावरच्या दोन मेंढपाळांनी १९३० च्या सुमारास म्हाताऱ्या मेंढीचं मांस वाया जाऊ नये म्हणून हे असं कापून काडीला लावलं, अशी गोष्ट तिथे सांगतात.

आता तुमच्या मटणाकडे येऊ. आपल्याकडे दुकानात 'मटण' मागितलं की बहुतेक शहरांत बोकडाचं मिळतं. बोकडाची चरबी पोटात, आतड्यांभोवती साठते. मेंढीची कातडीखाली आणि मांसाच्या थरांमध्ये. अर्रोस्तिचीनीत ही बाहेरची चरबी अर्धं काम करते. त्यामुळे बोकडाचं कोवळं, चरबी काढून स्वच्छ केलेलं मटण घेतलंत तिथेच तुकडे कोरडे होणार हे ठरलं. खाटकाला स्पष्ट सांगा: मेंढीचं हवं, मोठ्या जनावराचं, मांडी आणि खांदा बिनहाडाचा, आणि पाठीवरची, सीन्याची चरबी वेगळी बांधून. सोलापूर, सांगली, सातारा भागात हे सहज मिळतं. पुण्या-मुंबईत आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागेल.

आणि आणल्या आणल्या भाजू नका. आपण सकाळी कापलेलं मटण दुपारी शिजवतो, रश्श्यात ते खपून जातं. पण कापल्यानंतर काही तासांत स्नायू आखडतात आणि ती आखड सुटायला दिवस-दोन दिवस लागतात. थेट आचेवर भाजायचं असेल तर मटण फ्रिजमध्ये, जाळीवर, सैल झाकून दीड-दोन दिवस राहू द्या. इटलीत हे काम खाटीकच करून ठेवतो, म्हणून पाककृतींत त्याचा उल्लेखही नसतो.

कापण्याच्या आधी मटण अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवलं की घट्ट होतं आणि सुरीखाली सरकत नाही. पांढरा पापुद्रा, शिरा, जाड नसा सगळ्या काढून टाका. इथे आळस केला तर पुढचं सगळं फुकट, कारण तीन-चार मिनिटांत शीर शिजत नाही, ती रबरासारखी राहते. धाग्याच्या आडवं कापा. चरबीचेही तसेच, किंचित लहान तुकडे करा. काडीवर तीन-चार तुकडे मांसाचे, मग एक चरबीचा, असा क्रम. एकूण चौथाई भाग चरबी असली तरी घाबरू नका, त्यातली बरीचशी निखाऱ्यावर ठिबकून जाते. तुकडे एकमेकांना टेकून, पण चेपून नव्हे. मांसाचा पट्टा साधारण दहा सेंटिमीटर. काडीचं एक टोक मोकळं, धरायला.

तिथल्या दुकानांत बहुतेक ठिकाणी हे काम 'कूबो'ने होतं. स्टीलचा चौकोनी डबा असतो. त्यात मांसाचे आणि चरबीचे पातळ थर एकावर एक रचतात, दाबून झाकण लावतात, झाकणाच्या भोकांतून काड्या खुपसतात आणि डब्याच्या फटींतून लांब सुरी आडवी-उभी फिरवतात. डबा उघडला की शंभर काड्या एकदम तयार, सगळ्या सारख्या, कडा तासलेल्या. हाताने ओवलेल्या काड्या मात्र ओबडधोबड असतात, तुकडे लहान-मोठे, काडी जास्त भरलेली. मला हाताच्या आवडतात, आणि त्याचं कारण चवीतच आहे: लहान तुकड्याची कड करकरीत होते, शेजारचा मोठा आतून रसदार राहतो, एकाच काडीत दोन्ही मिळतं. कूबोच्या काड्यांना नावं ठेवणारे पुष्कळ भेटतील. मांस चांगलं असेल तर त्याही उत्तम लागतात. खरी अडचण वेगळीच आहे. खप इतका वाढला आहे की डोंगरातले कळप पुरत नाहीत आणि पुष्कळसं मांस परदेशातून येतं. म्हणून तिथे गेल्यावर 'मेंढी कुठली?' हा प्रश्न खुशाल विचारा. ज्याची मेंढी जवळच्या डोंगरातली आहे तो खाटीक कौतुकाने गावाचं नावसुद्धा सांगतो.

मुरवण्याबद्दल. लिंबू, लसूण, वाइन, काही नको. मराठी माणसाला हे पटणं अवघड आहे, मला कल्पना आहे. पण विचार करा, एक सेंटिमीटरचा तुकडा रात्रभर लिंबात राहिला तर आंबटपणा आतपर्यंत जातो, बाहेरचा थर भुसभुशीत होतो, आतलं पाणी सुटतं. भाजायला ठेवला की आधी हे पाणी उडावं लागतं आणि तोवर पृष्ठभाग खरपूस होतच नाही. पाणी उडून रंग येईपर्यंत आतला रस संपलेला असतो. तुमच्या तुकड्यांचं नेमकं हेच झालं. काड्या भाजायच्या आधी तासभर बाहेर काढून ठेवा, कागदाने कोरड्या टिपून घ्या, आणि मिठाचा कणही घालू नका. मीठ पाणी ओढून वर आणतं. ते शेवटी.

निखाऱ्याची जागा म्हणजे 'फोर्नाचेल्ला'. अब्रुझोत ही घरोघरी असते, बाल्कनीत, अंगणात, गाडीच्या डिकीत. पत्र्याची लांबलचक पन्हळ पायांवर उभी केल्यासारखी दिसते. काही गावांत तिला 'कानाला', म्हणजे पन्हळच, म्हणतात. आतली रुंदी जेमतेम काडीवरच्या मांसाएवढी. वर जाळी नसते. काड्या थेट दोन्ही कडांवर आडव्या टेकतात, मांस नेमकं निखाऱ्यांवर येतं आणि लाकडाचं मोकळं टोक बाहेर राहतं, म्हणून ते जळत नाही. निखारा मांसाच्या खाली चार-पाच सेंटिमीटरवर असतो. तुमच्या गॅस ग्रिलवर आच दुरून आणि पसरून येते. बारीक तुकड्याला जवळून, जोरात आणि थोडा वेळ आच लागते, तरच बाहेरून खमंग आणि आतून ओला राहतो.

पुण्यात फोर्नाचेल्ला शोधत बसू नका. रमजानात मोहम्मद अली रोडवर सीख कबाब भाजतात तशी लांबट सिगडी मिळाली तर काम झालं. नाहीतर अंगणात किंवा मोकळ्या जागेत विटांच्या दोन रांगा समोरासमोर मांडा, मध्ये साधारण दहा सेंटिमीटर अंतर, तळाशी वारा जायला एखादी फट. लोणारी कोळसा वापरा. दगडी कोळसा अजिबात नको आणि पेटवायला रॉकेलही नको, वास मांसात उतरतो. कोळसा पूर्ण पेटून त्यावर राखेचा पांढरा पापुद्रा धरेपर्यंत थांबा. काळा कोळसा दिसतोय तोवर काड्या ठेवायच्या नाहीत. निखारे टोकापासून टोकापर्यंत सारखे पसरा.

भाजणाऱ्याचा हात बघण्यासारखा असतो. तो काड्या एकेक करून ठेवत नाही. दहा-बाराची मूठ उचलतो, कडेवर टेकवतो आणि अंगठ्याने सरकवत पत्ते पसरावेत तशी रांग लावतो. काड्या एकमेकींना खेटून, मधे फट नाही, म्हणजे आच वर निसटत नाही. अर्ध्या मिनिटात पहिल्या टोकाची चरबी पारदर्शक होते, थेंब पडतो, फस्स करून धूर येतो. तो धूर हवाच. हाच या पदार्थाचा मसाला. ज्वाळा उठली मात्र की तो त्या काड्या लगेच बाजूला सरकवतो, निखाऱ्यावर चिमूटभर राख ढकलतो. पाणी मारत नाही, पाण्याने राख उडून मांसावर बसते. मग तळहात आडवा धरून चार-पाच टोकं एकदम फिरवतो, उलटतो, पुन्हा उलटतो. चरबीचा तुकडा सोनेरी झाला आणि मांसाच्या कडा तपकिरी झाल्या की बारीक मीठ, एका बाजूला, उलटून दुसऱ्या बाजूला, आणि अर्ध्या मिनिटात खाली. एकूण चार मिनिटं, फार तर पाच. रोजमेरीची डहाळी तेलात बुडवून वरून फिरवणारे आहेत. मी तसं करत नाही, चांगल्या मेंढीला त्याची गरज पडत नाही.

उतरवल्यावर वाट बघायची नाही. मेंढीची चरबी आपल्या शरीराच्या तापमानाहून वरच थिजते. पाच मिनिटं ताटात पडल्या की ओठांना आणि टाळूला मेणासारखा थर बसतो, आणि मेंढीला उग्र वास येतो असं म्हणणाऱ्यांनी बहुतेकदा अशा गार झालेल्या काड्या खाल्लेल्या असतात. म्हणूनच तिथे काड्या एकदम आणत नाहीत, दहा-दहाच्या जुडग्यांत आणतात, अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून किंवा मातीच्या उभ्या भांड्यात टोकं वर करून. दुसरं जुडगं तुम्ही पहिलं संपवत असता तेव्हा निखाऱ्यावर असतं. काटा-सुरी नाही. काडी आडवी धरायची, दातांनी तुकडा ओढायचा. काटा घेऊन तुकडे ताटात काढायला बसलात तर तोवर ते गार होतात.

सोबत जाडसर पाव, त्यावर ऑलिव्हचं तेल. पेस्काराच्या मागच्या टेकड्यांवरचं, लोरेतो आप्रुतीनो, पियानेल्ला भागातलं तेल किंचित तिखट असतं आणि चरबीला ते फार छान कापतं. वाइन मोंतेपुल्चानो द'अब्रुझो, तांबडी. उन्हाळ्यात मी चेरासुओलो सुचवेन, त्याच द्राक्षाची पण फिकट, चेरीच्या रंगाची, थोडी थंड करून. बर्फगार पेय नको, चरबी तोंडातच थिजते. कलेजीच्या काड्याही मिळतात, मधे कांद्याच्या पाकळ्या लावलेल्या. त्या पहिल्या जुडग्यात मागवा, भूक असताना. आधी थोडं पेकोरीनो, म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज, चालेल. फारिन्दोला गावचं मिळालं तर सोडू नका, ते विरजायला डुकराच्या जठरातलं रेनेट वापरतात आणि ही पद्धत फार दुर्मीळ आहे. ज्यांना डुकराचं वर्ज्य आहे त्यांनी मात्र हे लक्षात ठेवावं.

आणि कोवळं मटणच आवडत असेल, तर त्यासाठी शेजारच्या लात्सियो प्रांताचा वेगळा पदार्थ आहे, 'अब्बाक्यो आ स्कोत्तादीतो'. रोमकडच्या दूधपित्या कोकराच्या बारीक चापा, निखाऱ्यावर भाजून हाताने, बोटं पोळत खायच्या. 'अब्बाक्यो रोमानो'ला २००९ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे आणि त्यात कोकराचं वय २८ ते ४० दिवस असं बांधून दिलेलं आहे. तिथे थोडा वेळ तेल, मिरी, रोजमेरीत ठेवलेलं चालतं. तुमचा रात्रीचा मसाला तिकडे थोडा हलका करून वापरा, लिंबू मात्र वाढताना.

कुठे खावेत? पेस्कारा शहरात जागोजागी मिळतात आणि बऱ्याच ठिकाणी चांगले मिळतात. पण वेळ असेल तर गाडी भाड्याने घ्या आणि वर चढा. चिवितेल्ला काझानोवा, विल्ला चेलिएरा या बाजूला साध्या, टेबलावर कागद अंथरलेल्या खानावळी असतात. दुपारी दारात फोर्नाचेल्ला पेटलेली दिसली की थांबा. फ्रिजमधून गोठलेल्या काड्यांची पिशवी निघताना दिसली तर पुढे चला. एका माणसाने दहापासून सुरुवात करावी. तिथली तरणी मुलं तीस सहज संपवतात आणि आकडा काड्या मोजूनच ठरतो, म्हणून रिकाम्या काड्या टाकू नका.

सगळ्यांत आनंदाची जागा कांपो इंपेरातोरेवरची फोंते वेतिका. तिथे खाटकाची दुकानं आहेत. काड्या, पाव, चीज विकत घ्यायचं आणि बाहेर मांडून ठेवलेल्या फोर्नाचेल्लांवर स्वतःच भाजायचं. दुकानं निखारे देतात किंवा कोळसा विकतात. शेजारी कुठल्या तरी अब्रुझीज कुटुंबाची तीन पिढ्यांची पंगत बसलेली असते, आणि तुमचा हात अडखळला की त्यांच्यातले आजोबा न विचारता उठून तुमच्या काड्या फिरवून देतात. त्यांना नको म्हणू नका. कळप समोरच्याच कुरणात चरत असतो, पांढरे मोठे राखणदार कुत्रे त्यांच्याभोवती फिरत असतात. फोटोसाठी त्या कुत्र्यांच्या जवळ जाऊ नका, ते लांडग्यांसाठी ठेवलेले आहेत आणि कामावर असतात.

१५ ऑगस्टला इटलीभर सुट्टी असते आणि त्या आठवड्यात वर गाडी लावायला जागा मिळत नाही. ईस्टरनंतरच्या सोमवारी अब्रुझोची अर्धी जनता फोर्नाचेल्ला घेऊन बाहेर पडलेली असते, पण तेव्हा पठारावर बर्फ असू शकतं आणि वरचा रस्ता बंद असतो. तुम्हाला जमत असेल तर जूनचा शेवट किंवा सप्टेंबर गाठा, मधल्या वारी, आणि दुपारी बाराच्या आत पोहोचा. स्वेटर बरोबर ठेवा, खाली पेस्काराला घामाच्या धारा लागलेल्या असल्या तरी वर वारा बोचतो.

पुण्यातल्या पुढच्या खेपेला एकदम शंभर काड्या ओवू नका. अर्धा किलो मेंढीचं मांस आणि दीडशे ग्रॅम चरबी घ्या, पंचवीस-एक काड्या होतील. पहिल्या पाच भाजा, खा, निखारा कसा वागतोय ते बघा, आणि मगच उरलेल्यांची रांग लावा.